चुना, व्हिनेगर आणि मागची खोली

ज्या हवेत धान पिकतं, त्याच हवेत बुरशीही पिकते. आमच्या गोंदिया जिल्ह्यात दोन्हींची चंगळ आहे. जून ते सप्टेंबर बांध्या तुडुंब, मामा तलाव काठोकाठ, आणि घरात मिठाला पाणी सुटलेलं. चामड्याची चप्पल आठवडाभर पायात घातली नाही, तर तिच्यावर हिरवी लव उगवते. त्याचं कुणाला काही वाटत नाही. पुसायची आणि घालायची.

आमच्या मागच्या खोलीचं मात्र तसं सोडून देता येत नव्हतं. तिथे धानाचे कट्टे असतात आणि आजी झोपते. तिला दमा आहे. पावसाळ्यात मी पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते, त्यामुळे रात्री अडीचला तिचं उठून बसणं आणि इनहेलर शोधणं मला ऐकू येतं. खाटेमागची भिंत कमरेइतक्या उंचीपर्यंत काळी ठिपकेदार झाली होती.

नेटवर 'नैसर्गिक उपाय' शोधले की पहिल्याच पानावर व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करायला सांगतात. व्हिडिओत फेस छान दिसतो. पण आम्ल आणि अल्क एकमेकांना मारतात. कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरतं जवळजवळ नुसतं खारट पाणी. नुसतं व्हिनेगर, म्हणजे साधारण ५ टक्के ॲसिटिक ॲसिड, काच, फरशी, लाकडी कपाटाचं दार यांवर बरं काम करतं. मी कपाट त्यानेच पुसलं आणि उन्हात ठेवलं. (व्हिनेगर आणि ब्लीच मात्र कधीही एकत्र करू नये, विषारी क्लोरीन वायू निघतो.) भिंतीची गोष्ट वेगळी. तिथे बुरशी वर दिसते तेवढीच नसते, आणि पाणी तर आतूनच येत असतं.

चारशे-पाचशे रुपयांचा आर्द्रतेचा सेन्सर मागवून मी खोलीत लावला. आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत ठेवा, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ऑगस्टमध्ये आमच्याकडे बाहेरच ८५ असते! खिडकी उघडून काय आत घेणार? पाऊस थांबून दुपारी ऊन पडलं की आकडा उतरायचा, तेवढा वेळ खिडक्या उघड्या ठेवायच्या, एवढं त्यातून कळलं. बाकी आलेख बघण्यात माझे दोन रविवार मजेत गेले.

खरं निदान आजीने केलं. "भिंतीले कायले घासतेस पोरी? तिकडून पाणी पेते ते." भिंतीच्या पलीकडे न्हाणी. तिचं पाणी जोत्याशी साचायचं, वर बागेसाठी टाकलेली माती भिंतीला टेकलेली. विटा ते पाणी वर ओढत होत्या. खाली पांढरी पूडही होती, पण ती बुरशी नव्हे, लोणा. पाण्याच्या थेंबात तो विरघळतो, बुरशी विरघळत नाही. माती हटवली, न्हाणीला उताराची नाली काढली. खर्च म्हणाल तर अर्धं पोतं सिमेंट आणि एका माणसाची एक दिवसाची मजुरी. सगळ्या उपायांत हाच सगळ्यात मोठा होता, आणि त्याचा व्हिडिओ कुणी बनवत नाही.

मग प्रश्न आला रंगाचा. ताईच्या लग्नात बाबांनी अख्ख्या घराला धुता येणारा महागडा पेंट दिला होता. त्याच्या पापुद्र्याआड ओल कोंडते. तो खरवडून चुना द्यावा, असं मी म्हटलं. बाबा गप्प झाले. नंतर म्हणाले, "चुन्याच्या घरातून पेंटच्या घरात यायला मले तीस वर्षं लागली बेटा."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. रसायनशास्त्र होतं. विरलेल्या चुन्याचा पीएच १२ च्या आसपास असतो, त्यात बुरशी तग धरत नाही, आणि चुन्याच्या थरातून भिंत श्वास घेते. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो हळूहळू पुन्हा चुनखडी होतो आणि त्याचा जोर ओसरतो, म्हणून दरवर्षी द्यावा लागतो. दिवाळीआधीची पोताई म्हणजे आमच्या भाषेतलं शेड्यूल्ड मेंटेनन्सच. हेही कळतं की अशा भिंतीला व्हिनेगर लावणं म्हणजे आपणच आपला पहारेकरी हाकलणं.

शेवटी आजीच्या खोकल्याने निकाल लावला, माझ्या पीएचने नाही. फक्त मागची खोली, असं ठरलं. ऑक्टोबरात भिंत सुकल्यावर आजीला माजघरात हलवलं, तोंडाला मास्क बांधला, आणि बुरशी उडू नये म्हणून भिंत आधी ओली करून पेंट खरवडला. चुना रात्रभर ड्रममध्ये भिजवला. पाण्यात चुना थोडा थोडा टाकायचा, उलट नाही, कारण तो उकळतो आणि डोळ्यांत उडतो. चिमूटभर नीळ घालून पातळ तीन हात दिले. धानाचे कट्टे लाकडी फळ्यांवर चढवले आणि भिंतीपासून दूर सरकवले.

या पावसाळ्यात खाटेमागे दोन बोटांएवढा डाग आला, आजीनेच चुन्याचा बोळा फिरवला. ती अजूनही रात्री उठते, पण रोज नाही. बाबांच्या शर्टाला पांढरं लागतं, ते दर वेळी बोलून दाखवतात. हॉलचा पेंट शाबूत आहे. फक्त सोफा भिंतीपासून वीतभर पुढे आला आहे, आणि तो कुणी ओढला हे घरात कुणी विचारलेलं नाही.