गोखल्यांचा कागद आणि माझा

आपण कशासाठी जगणार आहोत हे एका पानावर, स्वतःच्या अक्षरात लिहून काढा. आजच! गेले काही महिने भेटेल त्याला मी हेच सांगत सुटले आहे. बँकेतल्या सहकाऱ्यांना सांगितलं, सोसायटीतल्या मैत्रिणींना सांगितलं, पासबुक भरायला आलेल्या एका निवृत्त गुरुजींनाही सांगितलं, आणि त्यांनी तिथेच स्लिपच्या पाठीवर दोन ओळी लिहिल्या. इतकी साधी गोष्ट इतकं काही करू शकते, हे मला या वयात कळलं, आणि कळल्यापासून मला गप्प बसवत नाही.

सुरुवात बँकेच्या एका ट्रेनिंगमध्ये झाली. स्टीफन कोव्ही यांचं 1989 चं सात सवयींवरचं पुस्तक तिथे शिकवत होते. त्यातली दुसरी सवय अशी की शेवट डोळ्यांसमोर ठेवून सुरुवात करायची. आपल्याच अंत्यविधीला आपण हजर आहोत अशी कल्पना करायची. घरचं एक माणूस, एक मित्र, कामावरचं कुणी आणि गावातलं कुणी असे चौघे बोलायला उभे राहतात. त्यांनी काय म्हणावं असं तुम्हाला वाटतं? ते लिहा आणि त्यावरून आपलं मिशन स्टेटमेंट बनवा. ऐकताना अंगावर काटा आला होता. पण ते मोठ्या कंपन्यांच्या साहेबलोकांचं काहीतरी, असं म्हणून वही मिटली गेली असती, जर त्याच आठवड्यात गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या चरित्रात तो कागद मला भेटला नसता.

फेब्रुवारी 1898. गोखले तेव्हा एकतीस वर्षांचे, फर्ग्युसन कॉलेजात शिकवणारे. आदल्या वर्षी वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला ते इंग्लंडला गेले होते, आणि साक्ष उत्तम झाली होती. पण त्याच वेळी पुण्यात प्लेगचा बंदोबस्त चालला होता. गोऱ्या सोल्जरांनी घरांत शिरून केलेल्या अत्याचारांची पत्रं पुण्याहून त्यांना गेली, आणि त्यांनी ती हकीकत तिथे जाहीर केली. परत आल्यावर पुरावा द्यायला कुणी पुढे येईना. गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली. मग काय विचारता! सरकारी गोटात ते खोटे ठरले, आपल्या लोकांत भित्रे. अमरावतीच्या काँग्रेसमध्ये त्यांच्यावरचा राग उघड उघड दिसला. एखादा माणूस यानंतर कायमचा घरी बसला असता.

आणि या माणसाने काय केलं? कागद घेतला, श्रीगुरू दत्तात्रेयांचं स्मरण केलं आणि स्वतःसाठी यादी लिहिली. नियमित योगाभ्यास करीन. प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास, तत्त्वज्ञान, खगोलशास्त्र, भूगर्भशास्त्र, शरीरशास्त्र, मानसशास्त्र आणि फ्रेंच यांचं चांगलं ज्ञान मिळवीन. मुंबई कायदेमंडळाचा सभासद होण्याचा प्रयत्न करीन, मग वरिष्ठ कायदेमंडळाचा, मग थेट ब्रिटिश पार्लमेंटचा, आणि या सगळ्या ठिकाणी देशाचं भलं करण्यासाठी झटेन. शेवटी, सर्वांत उच्च अशा तात्त्विक धर्माचा जगभर प्रचार करीन.

मी हे वाचलं आणि पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात धावले, नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं! सगळीकडून टाकून बोललेला एक मास्तर भूगर्भशास्त्र आणि ब्रिटिश पार्लमेंट एकाच कागदावर लिहितो! केवढी ती हिंमत! आणि पुढचं बघा. 1899 मध्ये ते मुंबई कायदेमंडळात गेले. 1902 मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात बजेटवरचं त्यांचं पहिलं भाषण गाजलं. पार्लमेंट राहिलं ते राहिलंच. पण 1911 मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं बिल त्यांनी त्याच मंडळात मांडलं. ते पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं, तरी देशाच्या भल्यासाठी झटायचं हा शब्द त्यांनी किती अक्षरशः पाळला!

खरं नवल मात्र त्या कागदानंतरच्या सात वर्षांत आहे, आणि मला जे सांगायचंय ते इथेच. 12 जून 1905 ला फर्ग्युसनजवळच्या टेकडीवर गोखल्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. सभासद होताना सात प्रतिज्ञा घ्यायच्या, आणि त्या गोखल्यांनी स्वतःही घेतल्या. देश मनात नेहमी पहिला राहील. सेवा करताना स्वतःचा लाभ पाहणार नाही. जातपात, धर्म न पाहता सगळ्यांना भाऊ मानीन. संस्था देईल त्यात स्वतःचा आणि कुटुंबाचा निर्वाह करीन, जास्तीचं कमावण्यात शक्ती घालवणार नाही. खासगी आयुष्य शुद्ध ठेवीन. कुणाशी वैयक्तिक भांडण करणार नाही. संस्थेच्या हेतूंशी विसंगत काही करणार नाही. यात एकही पद नाही, एकही पदवी नाही! पहिल्या कागदावर काय काय व्हायचं ते होतं. दुसऱ्यावर फक्त रोज कसं वागायचं ते आहे, आणि ते उद्या सकाळपासून कुणालाही सुरू करता येतं. मतदार लागत नाहीत, साहेबाची मर्जी लागत नाही. सहावी प्रतिज्ञा तर मला सगळ्यांत मोठी वाटते. टिळक-आगरकर वाद ज्याने अगदी जवळून पाहिला, टिळक 1890 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडताना जो तिथेच होता, त्या माणसाने भांडण न करण्याला देशसेवेच्या प्रतिज्ञांत जागा दिली. भोगलेल्यालाच हे सुचू शकतं.

मग मी झपाटल्यासारखी शोधत गेले. फिलाडेल्फियात तरुण बेंजामिन फ्रँकलिनने तेरा गुणांची यादी केली होती. छोट्या वहीत आठवड्याचे रकाने पाडून चूक झाली की काळा ठिपका द्यायचा, दर आठवड्याला एका गुणावर भर. तेरा चोक बावन्न, म्हणजे वर्षाला बरोबर चार फेऱ्या! गांधीजींच्या आश्रमातली एकादश व्रतं शाळेतच ऐकली होती, पण गोखल्यांना राजकीय गुरू मानणाऱ्या माणसाने 1915 मध्ये आश्रम काढताना व्रतं ठरवावीत, यातली संगती आत्ता उमगली.

आता माझा कागद. तुम्ही लिहायला बसाल तेव्हा मोठमोठे शब्द येतील, येऊ द्या. मग प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा: येत्या मंगळवारी यावरून मी काय वेगळं करीन? ज्याला उत्तर येत नाही ते वाक्य काढून टाका. माझ्याकडे उरलं ते असं. काउंटरसमोर बसलेल्या माणसाच्या खात्यात कितीही कमी पैसे असोत, त्याच्याशी घाईने बोलणार नाही. आईबाबा आहेत तोवर त्यांच्यापासून एका रात्रीच्या प्रवासाच्या आत राहीन. लेकीच्या निर्णयात मत विचारल्यावरच देईन. आणि जे कधीच कामाला येणार नाही असं एक शास्त्र शिकेन.

हे लिहिलं आणि बढतीचं पत्र आलं, बदलीसकट. नागपूर. आईबाबा नाशकात. पूर्वी अशा वेळी घरात आठवडाभर घालमेल चालायची, मावशीपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना विचारून व्हायचं, आणि शेवटी भीतीच निर्णय घ्यायची. या वेळी मी कागद काढला. नागपूरहून रात्री गाडीत बसलं की सकाळी नाशिक! कागद हो म्हणत होता. सगळे समजत होते की मी नकार कळवणार, आणि मी त्याच दिवशी होकार कळवून मोकळी झाले. आईला फोनवर ते वाक्य वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, मग जा की! एका रात्रीचं तर अंतर." तिला माझं जाणं पटलं ते त्या वाक्यामुळे, कारण त्यात तिची जागा आधीच लिहिलेली होती. किती बळ आलं म्हणून सांगू!

नवऱ्याने परवा स्वतःचा कागद सुरू केलाय. पहिल्या ओळीत पेटी आहे, बंद पडलेली शिकवणी पुन्हा लावायची. लेकीला मी काहीच सांगितलेलं नाही, तिसरं वाक्य आडवं येतं. विचारील तेव्हा गोखल्यांच्या चरित्राचं ते पान आधी वाचायला देणार आहे.

आणि न लागणारं शास्त्र? गोखल्यांच्या यादीतून मी खगोलशास्त्र उचललंय. नागपुरात रमण विज्ञान केंद्रात तारांगण आहे. सामान लागलं की पहिला रविवार तिथेच!