पुन्हा विचारू नका

मी काय काम करते हे घरी सांगणं अवघड आहे. ‘आयडेंटिटी मॅनेजमेंट’ म्हटलं की आत्या विचारते, “म्हणजे आधार कार्डाचं का?” मग मी सांगते की मोठ्या कंपनीत नवा माणूस रुजू झाला की त्याला ईमेल, कॉम्प्युटरचं लॉगिन, गेटचं कार्ड हे सगळं आपोआप मिळावं, आणि तो सोडून गेला की आपोआप बंद व्हावं, याची व्यवस्था आम्ही लावतो. एकदा हे ऐकून आत्या म्हणाली, “मिळतं ते कळलं. पण बंद कोण करतं?”

“सिस्टीम करते,” असं मी तेव्हा सांगून टाकलं होतं.

ही सिस्टीम आम्ही एका डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये आखतो. एका बाजूला एचआरची यादी, दुसऱ्या बाजूला ईमेल, गेट, कॅन्टीन आणि मधे डिरेक्टरी, म्हणजे सगळ्या माणसांच्या नोंदींची वही. कोणी कशासाठी अर्ज करायचा, तो आधी कोणाकडे जाईल, मग कोणाकडे, किती दिवसांत मंजूर झाला नाही तर काय करायचं, हे सगळं चौकोन आणि बाण काढून ठरवायचं. आराखडा तयार होतो आपल्या लॅपटॉपवर. तो सर्व्हरवर चढवला, म्हणजे डिप्लॉय केला, की खरा होतो. तोवर ते नुसतं चित्र असतं.

आमचं सॉफ्टवेअर एक्लिप्सच्या पायावर उभं आहे. आयबीएमने २००१ मध्ये एक्लिप्स सगळ्यांसाठी खुलं केलं, आणि इंजिनिअरिंग कॉलेजात जावा शिकलेल्या माझ्यासारख्या अनेकांनी पहिला प्रोग्राम त्यातच लिहिला. त्यामुळे नोकरीत हे सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडलं तेव्हा ओळखीचं वाटलं. विंडोजवर ‘विंडो’ मेनूच्या तळाशी ‘प्रेफरन्सेस’ असतं. तिथे फॉन्ट, रंग, बाण सरळ हवेत की वळणाचे, असल्या गोष्टी ठरवता येतात. त्याच पानांवर, त्याच आकाराच्या चौकोनांत, दुसऱ्या जातीच्या गोष्टीही असतात. डिप्लॉय करण्यापूर्वी विचारायचं का? लॅपटॉपवरून काढून टाकलेली वस्तू सर्व्हरवरूनही पुसायची का, आणि पुसण्यापूर्वी विचारायचं का?

दुसऱ्याच आठवड्यात मी त्या प्रश्नांना कंटाळले. दिवसातून चाळीस वेळा तीच खिडकी, तेच ‘नक्की ना?’. मी प्रेफरन्सेसमध्ये गेले, पुसायला परवानगी दिली आणि विचारण्याची टिक काढून टाकली. फॉन्ट मोठा केला, पार्श्वभूमी काळी केली, आणि लॅपटॉप आता आपला झाला असं वाटलं.

या निवडी कुठे साठतात हे मला माहीत होतं. एक्लिप्समध्ये त्या आपल्या वर्कस्पेसच्या आत, मेटाडेटा नावाच्या फोल्डरात राहतात. प्रोजेक्टच्या फायली आम्ही व्हर्जन कंट्रोलमध्ये ठेवतो, म्हणून कोणी काय बदललं ते सगळ्यांना दिसतं. प्रेफरन्सेस त्यात जात नाहीत. ते ज्याचं त्याचं खासगी. माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर तोच प्रोजेक्ट प्रश्न विचारत होता आणि माझ्याकडे गप्प होता, हे दोघांपैकी कोणालाच दिसत नव्हतं.

दोन वर्षं काही बिघडलं नाही. क्लायंट चाकणचा एक कारखाना होता. एका शुक्रवारी संध्याकाळी मी आवराआवर करत होते. मुदतवाढीच्या अर्जाचे दोन फॉर्म दिसले, एकाच्या नावात ‘जुना’ असं होतं. मी तो काढला, डिप्लॉय केलं आणि साडेसहाची बस पकडली.

नवा फॉर्म कायम कर्मचाऱ्यांसाठी होता. कंत्राटी कामगारांची मुदत मात्र अजून जुन्याच फॉर्मवरून वाढवली जायची. शनिवारी सुपरवायजरने अर्ज भरायला पान उघडलं तर फॉर्म यादीत नाही. साइटचं काही काम चालू असेल असं समजून त्याने ते सोमवारवर ढकललं. रविवारी महिना संपला. रात्री बारा वाजता, मीच आखलेल्या नियमाप्रमाणे, चौदा जणांची खाती बंद झाली. त्यात चूक कुठेच नव्हती. मुदत संपली की खातं बंद, हेच तर आम्ही विकतो.

सोमवारी ऑन-कॉल मी होते. सात वाजून वीस मिनिटांनी फोन आला. सुपरवायजर बोलत होता, मग त्याने फोन दुसऱ्या कोणाच्या तरी हातात दिला.

“मॅडम, कार्ड लावलं की लाल दिवा लागतोय. मी चार वर्षं हितंच हाय. तुमच्याकडं माझं नाव दिसतंय का?”

मी शोधलं. नाव दिसत होतं. आडनावही होतं. डिरेक्टरीच्या जुन्या प्रमाणानुसार माणसाच्या नोंदीत आडनाव लागतंच, त्याशिवाय नोंद होत नाही. नंबर होता, ठेकेदाराचं नाव होतं. फक्त ‘ॲक्टिव्ह’ पुढे ‘नाही’ होतं. २०१५ साली आलेलं स्किम नावाचं एक नवं प्रमाण आहे, खात्यांची माहिती एका सिस्टीममधून दुसरीत नेण्यासाठी. त्यात ‘ॲक्टिव्ह’चं उत्तर फक्त हो किंवा नाही असं देता येतं, आणि त्याचा नेमका अर्थ काय घ्यायचा ते ज्या-त्या सेवेवर सोपवलं आहे. चाकणच्या त्या गेटवर त्याचा अर्थ लाल दिवा असा होता.

“दिसतंय,” मी म्हटलं.

“मग?”

कारण सापडायला पाऊण तास लागला. फॉर्म व्हर्जन कंट्रोलमधून परत आणून चढवायला वीस मिनिटं. पण अर्ज भरायचे होते, ते सुपरवायजरकडून एचआरकडे जायचे होते, आणि एचआरचे अधिकारी साडेनऊला येणार होते. पावणेअकराला दिवा हिरवा झाला तेव्हा गेटवर दहा जण उरले होते. बसायला जागा नव्हती म्हणून चौघं घरी गेले होते.

त्या शनिवारी मी सांगलीला गेले. बाबा सहकारी बँकेत एकतीस वर्षं होते, शेवटची बारा पासिंग ऑफिसर. ज्याने व्हाउचर लिहिलं त्याने ते पास करायचं नाही, हा नियम त्यांच्याकडून मी लहानपणापासून ऐकत आले आहे. गॅस बंद केला का, हेसुद्धा घरात दोघांना विचारणारा माणूस. मी सगळं सांगितलं. कारखान्यात कोणाला एक माउस हवा असेल तरी दोन सह्या लागतात, ती साखळी मीच काढली आहे, हेही सांगितलं.

बाबांनी चष्मा काढला. “मग तुझं कोण पास करत होतं?”

“कोणी नाही.”

“विचारत तरी होतं का कोणी?”

“विचारायचं. मी बंद केलं होतं.”

ते पुढे काही बोलले नाहीत. उठून पाण्याची मोटर बंद आहे का बघायला गेले.

परत आल्यावर मी टिक पुन्हा लावली. एक्लिप्समध्ये प्रेफरन्सेस एका फाइलमध्ये निर्यात करता येतात. ती फाइल आता आमच्या व्हर्जन कंट्रोलमध्ये आहे, टीममध्ये येणारा प्रत्येक जण पहिल्या दिवशी ती आपल्या लॅपटॉपवर घेतो. पुसण्यासंबंधी काही बदलायचं तर दुसऱ्याने बघितल्याशिवाय बदलायचं नाही असं ठरलं आहे. रंग आणि फॉन्ट ज्याचे त्याने ठरवावेत. सहकारी थोडे वैतागले. डिप्लॉयला आता दीड-दोन मिनिटं जास्त लागतात, कारण खिडकीतली नावं मी एकेक वाचते.

पगाराचं मात्र तेवढं सोपं नव्हतं. एचआरने ठेकेदाराला पत्र दिलं. पुढच्या महिन्यात मी सुपरवायजरला फोन करून विचारलं. जे दहा जण थांबले होते त्यांचा कापलेला अर्धा दिवस परत मिळाला होता. जे घरी गेले त्या चौघांचा खाडा तसाच राहिला, कारण मस्टरवर ते गैरहजर होते. त्या बाई त्या चौघांतल्या. मी पुन्हा मेल लिहिला, तो दिवस कसा आणि कोणामुळे गेला हे सविस्तर लिहिलं, खाली स्वतःचं नाव घातलं. “बघतो,” असं उत्तर आलं. ठेकेदाराचं मस्टर कागदाचं आहे. आमच्या आराखड्यात त्याच्याकडे जाणारा एकही बाण नाही.

आत्या दिवाळीला आली तेव्हा मी तिला तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर दिलं. “मी बंद करते,” म्हटलं.