‘पुरे’ म्हणणारा फ्लोट

ऑक्टोबर २०२३ मध्ये पद्मिनी टॅक्सीने मुंबईचा निरोप घेतला. तथापि मालवण किनाऱ्यावरील एखाद्या अंगणात हौसेने सांभाळलेली पद्मिनी अजून आढळते. तिचा जुना विकार म्हणजे कार्बुरेटर ‘ओव्हरफ्लो’ होणे. पेट्रोलचा उग्र वास, काळा धूर, भिजलेले प्लग ही त्याची लक्षणे. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ओघळल्यास आग भडकू शकते. म्हणून प्रथम इंजिन बंद करावे. वारंवार अ‍ॅक्सिलरेटर दाबणे म्हणजे आणखी पेट्रोल ओतणेच होय.

कार्बुरेटरच्या वाटीत एक पोकळ फ्लोट तरंगतो. पेट्रोल पुरेसे होताच तो वर येऊन सुईसारखी झडप मिटवतो. झडपेत कचऱ्याचा कण अथवा पावसाळाभर उभ्या गाडीतील शिळ्या पेट्रोलचा चिकटा अडकला, तर ती साफ करावी. सुई झिजली असेल, तर बदलावी. तरीही पेट्रोल वाहत राहिले, तर फ्लोट काढून कानाशी हलवावा. आत खुळखुळले, तर त्यास छिद्र पडले आहे असे समजावे. जड झालेला फ्लोट वर येत नाही. मग ‘पुरे’ म्हणणारे कोणी उरत नाही.

आम्हांस कणापेक्षा या छिद्राचे भय अधिक वाटते. सद्सद्विवेकबुद्धीचेही असेच घडते. ज्या हव्यासास तिने आवरायचे, तोच थेंबाथेंबाने तिच्यात झिरपतो. उपवासकाळात आपण ताटातील पदार्थ कमी करतो; वाचकहो, त्याबरोबर हा फ्लोटही एकदा कानाशी धरून पाहावा.