गुणाकाराची बेरीज

लॉगरिदम हा शब्द ऐकतांच शाळेंतील कोष्टकें आठवून पुष्कळांच्या कपाळास आठ्या पडतात. नेपियरनें ही युक्ति इ. स. १६१४ मध्यें प्रसिद्ध केली, ती मोठाल्या गुणाकारांचें काम बेरजेवर भागावें म्हणून. गणकयंत्रें आलीं आणि कोष्टकें अडगळींत पडलीं. युक्ति मात्र जिवंत आहे, याचा प्रत्यय आम्हांस घरींच आला.

आमच्या एकत्र कुटुंबाच्या सामाईक पुंजीपैकीं एक लाख रुपये कोठें ठेवावे, असा प्रश्न होता. एका योजनेंत मागील चार वर्षीं अनुक्रमें ५० टक्के वाढ, ४० टक्के घट, पुन्हां ५० टक्के वाढ व ४० टक्के घट झाली होती. सरासरी ५ टक्के! धाकट्या बंधूंस ती ४ टक्क्यांच्या ठेवीहून सरस वाटली. माझी पुतणी डेटाबेसचें काम करते. ती म्हणाली, "काका, येथें टक्क्यांची बेरीज कामाची नाहीं. १·५ आणि ०·६ यांचा गुणाकार करून पाहा." तसें करतां लाखाचे ८१,००० उरले, ठेवींत तेच चार वर्षांत सुमारें १,१६,९८६ झाले असते.

हा हिशेब शेंकडों नोंदींचा असल्यास काय करावें? एस्क्यूएल या प्रश्नभाषेंत रकान्याची बेरीज करणारें 'सम' आहे. गुणाकारासाठीं तसें प्रमाणभूत साधन नाहीं. म्हणून 'एल्एन्'नें प्रत्येक गुणकाचा नैसर्गिक लॉगरिदम घ्यावयाचा, 'सम'नें बेरीज करावयाची व 'एक्स्प'नें मूळ गुणाकार परत मिळवावयाचा. नुसतें 'लॉग' लिहिणें धोक्याचें. १०० चा 'लॉग' पोस्टग्रेस २ सांगतो, मायएस्क्यूएल सुमारें ४·६०५, कारण दोघांचा पाया निराळा.

याहून सूक्ष्म गोष्ट शून्याची. एखाद्या वर्षीं सर्वच रक्कम बुडाली, तर गुणक शून्य होतो, आणि शून्यास लॉगरिदम नाहीं. पोस्टग्रेस तेथें चूक दाखवून थांबतो. मायएस्क्यूएल रिक्त उत्तर देतो, 'सम' तें रिक्त स्थान वगळून पुढें जातो, आणि सर्वस्व बुडाल्याचें वर्षच हिशेबांतून नाहींसें होतें! म्हणून शून्यें आधींच वेगळीं तपासावीं.

बंधूंनीं पैसे ठेवींतच ठेविले. भरभराटीचीं वर्षें सांगावयास सर्वजण पुढें येतात. ज्या वर्षाचा रकाना कोरा दिसेल, त्याची विचारपूस मात्र घरच्या मंडळींनींच करावयास हवी.