रोहिणखेडचा घाट आणि आगगाडीची वाट

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी रोहिणखेड वसले आहे. वऱ्हाडातून घाट चढून दौलताबादकडे जाणाऱ्या फौजा एकेकाळी याच वाटेने जात. १४३७ साली बहमनी फौजेने खानदेशच्या सुलतानाचा पराभव येथेच केला. १५८२ साली खुदावंदखानाने बांधलेली मशीद त्या वैभवाची साक्ष देते. मग पुढे कापसाच्या गाड्यांची रांग रोहिणखेडऐवजी मलकापूरला का लागली? त्याचे उत्तर आगगाडीच्या चाकात आहे.

बैलगाडी उभा चढ चढते. बैल खूर रोवतात, माणसे चाकाला हात लावतात. आगगाडीचे लोखंडी चाक मात्र लोखंडी रुळावर फिरते. त्याची पकड कमी, त्यामुळे चढ वाढला की चाक जागच्या जागी घसरते. म्हणून रेल्वे आधी सपाटी शोधते.

हे गणित आपल्या मुलखात ज्यांनी मांडले ते जेम्स बर्कले. जन्म १८१९, लंडनचा. प्रसिद्ध रेल्वे इंजिनिअर रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखाली ते तयार झाले आणि १८५० साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य इंजिनिअर म्हणून मुंबईत आले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची पहिली गाडी धावली. पण खरी परीक्षा पुढे सह्याद्रीत होती.

बोरघाटात सुमारे २५ किलोमीटरमध्ये १,८३१ फूट चढायचे होते. बर्कले यांनी डोंगराच्या कुशीकुशीने वाट काढली. सर्वांत कडक चढ ठेवला ३७ फुटांना १ फूट. जेथे वळायला जागाच नव्हती तेथे गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडून उलट्या दिशेने वर न्यायची सोय केली. एका वेळी ४०,००० हून अधिक मजूर राबत होते. पटकी आणि तापाने त्यांतले कितीतरी दगावले. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे येऊन थोड्याच दिवसांत वारले. तेव्हा त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी ठेका पुढे चालवला. प्रकृती ढासळल्याने बर्कले १८६१ मध्ये मायदेशी परतले आणि १८६२ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी गेले. घाटातून गाडी सुरू झाली १८६३ साली. ती पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

थळघाट चढून भुसावळला आलेल्या रेल्वेपुढे पूर्णेचे सपाट खोरे पसरले होते. तिने आपला अजिंठ्याचा घाट चढायचे कारणच नव्हते. मलकापूर, नांदुरा, शेगाव, अकोला करीत ती १८६७ साली नागपूरला पोचली. १८७० साली खामगावलाही फाटा मिळाला. स्टेशनाच्या गावी बाजार वाढला, घाटाच्या तोंडचे गाव आडबाजूला पडले. खामगाव–जालना रेल्वेची मागणी कित्येक पिढ्या का चालली आहे, हे यावरून ध्यानात येईल.

शेतकरी बंधुभगिनींनो, यात आपल्यालाही घेण्यासारखे आहे. उताराशी झुंजू नये, त्याचे माप घ्यावे. बर्कले यांनी रूळ डोंगराच्या अंगाने नेले. आपणही घाटाखालच्या रानात बांध, सरी आणि पेरणी उताराला आडवी धरली, तर पावसाचे पाणी शिवारात मुरेल आणि मातीही शेतातच राहील. रेल्वे कुठून जावी हे आपल्या हाती नव्हते. तास कुठून जावे हे मात्र आहे.