मामांची निळी विजार

कापडाचा रंग उडाला, की ते कापड जुने झाले असे आपण समजतो. पांढरे वस्त्र मळते, रंगीत वस्त्र विटते, आणि विटलेले वस्त्र हळूहळू कपाटाच्या तळाशी जाते. डेनिमच्या गडद निळ्या कापडाची रीत मात्र थोडी निराळी आहे. त्याचा रंग सगळीकडून सारखा उतरत नाही. माणूस जेथे वाकतो, जेथे टेकतो, जेथे हात पुसतो, तेथे तो आधी उतरतो. म्हणूनच डेनिमची एखादी जुनी विजार पाहिली, की ती वापरणाऱ्याने कोणते काम केले असेल, याचा थोडाफार अंदाज करता येतो.

माझे मामा कोकणातले. तरुणपणीच ते मालवाहू जहाजावर नोकरीस लागले आणि त्यांचे बहुतेक आयुष्य इंजिनघरात गेले. १९७४ साली एका परदेशी बंदरातून त्यांनी डेनिमची एक विजार विकत आणली. नवी असताना ती इतकी गडद होती, की दिव्याच्या उजेडात काळीच भासे. पुढे कित्येक वर्षे मामांनी ती कामावर वापरली. यंत्र दुरुस्त करताना ते नेहमी उजवा गुडघा लोखंडी जमिनीवर टेकत. तेथे विजार पांढुरकी झाली. डाव्या खिशात त्यांची छोटी वही असे. तिचा चौकोनी ठसा खिशावर कायमचा उमटला. मामा गेल्यावर मामींनी ती विजार धुऊन, घडी घालून ट्रंकेत ठेवून दिली.

काही वर्षांपूर्वी मामांची नात महाविद्यालयात जाऊ लागली. एके दिवशी ती मला म्हणाली, “काका, आजोबांची विजार मी वापरीन. पण तिला पहिल्यासारखा गडद रंग दिला पाहिजे.”

मामी जवळच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “वापर की! ट्रंकेत ठेवून तिचे काय व्हायचे आहे? पण रंग दिलास, तर तो गुडघा जाईल.”

दोघींचेही म्हणणे मला पटत होते. कपडा वापरात राहावा, ही नातीची इच्छा योग्य होती. आणि त्यावरची माणसाची खूण पुसली जाऊ नये, ही मामींची इच्छाही तितकीच योग्य होती. हा रंग कापडावर बसतो कसा आणि जातो कसा, हे नीट समजून घेतल्याखेरीज काही ठरवावे, असे मला वाटेना.

निळीने कापड रंगविणारे एक वृद्ध रंगारी माझ्या ओळखीचे होते. त्यांच्याकडे मी ती विजार घेऊन गेलो. त्यांच्या अंगणात निळीचा रांजण जमिनीत पुरलेला होता. त्यात नीळ, चुना आणि गूळ घातलेला होता. मला वाटले होते, आत गर्द निळे पाणी असेल. पण वरची तांबूस चकाकीची साय बाजूला सारताच खाली हिरवट पिवळे पाणी दिसले. रंगाऱ्यांनी सुताची एक लड त्यात बुडवली आणि काही वेळाने बाहेर काढली. ती पोपटी दिसत होती. वारा लागताच ती हिरवी झाली आणि पाहता पाहता निळी झाली!

या चमत्कारामागे शास्त्र आहे. नीळ पाण्यात विरघळत नाही. गूळ आणि चुना यांच्या योगाने तिचे रूप बदलते, तेव्हाच ती विरघळते आणि धाग्याला लागते. बाहेर काढल्यावर हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन ती पुन्हा आपल्या मूळ निळ्या, न विरघळणाऱ्या रूपात येते. रंगारी म्हणाले, “भिंतीला चुन्याचा हात देतात ना, तशी ही नीळ धाग्यावर बसते. एक हात दिला तर फिकी, आठ हात दिले तर गडद. डेनिमच्या धाग्यात ती पार पोटापर्यंत पोचत नाही.”

त्यांनी विजारीच्या शिवणीतून निघालेला एक धागा उलगडून दाखविला. तो बाहेरून निळा होता, आतून पांढरा. डेनिम विणताना उभे धागे निळे आणि आडवे धागे पांढरे घेतात. वीण तिरपी असल्यामुळे निळे धागे वरच्या बाजूला अधिक दिसतात, पांढरे आतल्या बाजूला. कापड घासले गेले, की निळीचा बाहेरचा थर झिजतो आणि धाग्याचे पांढरे पोट उघडे पडते. मामांचा गुडघा पांढुरका का झाला होता, हे मला तेव्हा कळले.

या निळ्या कापडाशी आपला संबंध फार जुना आहे. खलाशी आणि कामगार यांच्या जाड कपड्यांना इंग्रजीत ‘डंगरी’ म्हणतात. हा शब्द आपल्याकडील ‘डुंगरी’ नावाच्या जाड्याभरड्या कापडावरून तिकडे गेला, आणि त्या कापडाला हे नाव मुंबईच्या डोंगरी भागावरून मिळाले, असे सांगतात. अमेरिकेत जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याने कामकऱ्यांच्या विजारींच्या खिशांना तांब्याच्या खिळी ठोकण्याची युक्ती काढली. त्याने आणि लेव्ही स्ट्रॉस या व्यापाऱ्याने १८७३ साली तिचे एकस्व घेतले. आजच्या जीनच्या विजारीचा जन्म त्यातून झाला.

परंतु या रंगाच्या इतिहासात दुःखही पुष्कळ आहे. निळीच्या मळेवाल्यांच्या जुलमाला कंटाळून १८५९ साली बंगालमधील शेतकऱ्यांनी नीळ पेरण्याचे नाकारले. बिहारमधील चंपारणात तर दर २० कठ्ठे जमिनीपैकी ३ कठ्ठ्यांत मळेवाल्यासाठी नीळ पेरलीच पाहिजे, अशी सक्ती होती. १९१७ साली गांधीजी तेथे गेले, त्यांनी शेतकऱ्यांच्या हकिकती लिहून घेतल्या, आणि पुढच्याच वर्षी ही सक्ती कायद्याने बंद झाली. १८९७ पासून जर्मनीत कारखान्यात तयार केलेली नीळ बाजारात येऊ लागली होती. आज बहुतेक डेनिम तिनेच रंगते. हे सारे आठवले, म्हणजे निळा कपडा निष्काळजीपणे वापरावा असे वाटत नाही.

मग हा रंग जपावा कसा? रंगाऱ्यांनी मला जे सांगितले, ते कोणालाही करता येण्याजोगे आहे. नीळ घासण्याने जाते, म्हणून असा कपडा धोपटू नये आणि त्यावर ब्रश जोराने चालवू नये. धुण्यापूर्वी तो उलटा करावा, म्हणजे घासणी आतल्या बाजूला लागते. पाणी थंड असावे, साबण सौम्य आणि थोडा असावा. रंग घालविणारी पूड किंवा द्रव त्याच्या जवळही आणू नये. पहिल्या काही धुण्यांत रंग सुटतो, म्हणून तो इतर कपड्यांपासून वेगळा धुवावा. पिळे घालून पिळू नये. उलटाच सावलीत वाळवावा, कारण कडक ऊनही निळीचा घास घेते. शिवाय थोडी धूळ बसली, की लगेच धुण्याची गरज नसते. झटकून वाऱ्यावर टाकले, तरी पुष्कळदा भागते. त्याने रंग वाचतो आणि पाणीही वाचते.

“मिठाच्या पाण्यात भिजवले, तर रंग पक्का होतो ना?” मी विचारले. ते हसून म्हणाले, “काही रंगांना रंगवताना मीठ उपयोगी पडते. पण एकदा धाग्यावर बसलेल्या निळीला मीठ काय धरून ठेवणार?”

आता प्रश्न उरला तो विजारीचा. मी त्यांना मामींची काळजी सांगितली. त्यांनी गुडघ्यावरून बोट फिरविले आणि म्हणाले, “नवी नीळ सगळीकडे बसेल. पण जेथे जुनी नीळ आहे, तेथे नव्या-जुन्याची भर पडेल. गुडघ्यावर नुसती नवीच असेल. तेवढा तो फिकाच राहील. तीन हातांवर थांबलो, तर दोन्ही गोष्टी साधतील.”

घरी येऊन मी हे दोघींना सांगितले. नात म्हणाली, “तीनच हात पुरेत.” मामींनीही होकार दिला.

आठ दिवसांनी विजार परत आली. ती पहिल्याइतकी काळीभोर झाली नव्हती. पण पावसाळी संध्याकाळच्या आकाशासारखा खोल निळा रंग तिच्यावर चढला होता. मामींना अलीकडे कमी दिसते. त्यांनी विजार खिडकीपाशी नेली, उजेडात धरली आणि काही वेळ निरखून पाहिली. उजव्या गुडघ्यावर फिकट निळा डाग होता. खिशावर वहीचा चौकोनही अंधूकसा दिसत होता. “आहे,” एवढेच त्या म्हणाल्या, आणि त्यांनी ती नातीच्या हातात दिली.

नात ती विजार कमरेला थोडी दुमडून वापरते. सांगितल्याप्रमाणे उलटी करून धुते, सावलीत वाळविते. ती रोज सायकलने महाविद्यालयात जाते. परवा पाहिले, तर सायकलच्या बैठकीवर घासून विजारीच्या आतल्या बाजूला दोन नव्या फिकट रेषा उमटू लागल्या आहेत.