दुधाच्या हिशेबाशेजारची साखर

कराडच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराला टांगलेल्या कॅलेंडरवर आई दुधाचा हिशेब ठेवते. एक लिटर, दीड लिटर, रतीब नसेल त्या दिवशी फुली. दोन वर्षांपूर्वी पितृपंधरवड्यापासून त्या चौकोनांत दुसरेच आकडे दिसायला लागले: २११, १९६, १७८. ही साखर डब्यातली नव्हती, आईच्या रक्तातली होती. तेव्हा ती एकाहत्तर वर्षांची होती, तिचा मधुमेह सतरा वर्षांचा होता आणि पाच दात काढायचे होते.

तिच्या लेखी हा अर्ध्या तासाचा मामला. खालचे पुढचे तीन दात हलत होते, डावीकडच्या दोन दाढांच्या हिरड्यांतून अधूनमधून पू येत होता. महिनाभर ती भाकरी आमटीत कुस्करून गिळत होती. "हलतायत तर ओढून टाका म्हणावं," एवढंच तिचं म्हणणं. गणपती बोळवले त्याच्या दुसऱ्या दिवशी ती दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत जाऊन बसली. त्यांनी तोंड पाहिलं आणि चिमट्याऐवजी रक्ताचा रिपोर्ट मागितला. एचबीए१सी ९.४. ही तपासणी साधारण मागच्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देते, त्यामुळे आदल्या दिवशी मोदक टाळून तिला फसवता येत नाही.

"आजी, तीन आठवड्यांनी काढू. मध्येच गाल सुजला किंवा ताप आला तर मात्र लगेच या," डॉक्टर म्हणाले.

त्यांचं कारण साधं होतं. साखर चढलेली असली की जखम उशिरा भरते आणि जंतूंना रान मोकळं मिळतं. उलट हिरड्यांत जुनाट सूज असली तर साखरही आटोक्यात राहत नाही. हॅराल्ड लोए या दंततज्ज्ञाने १९९३ साली हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं होतं. डोळे, मूत्रपिंडं, मज्जातंतू, मोठ्या रक्तवाहिन्या आणि न भरणाऱ्या जखमा या पाचांच्या पंक्तीत त्याने हिरड्या नेऊन बसवल्या. आईचे डोळे आम्ही दरवर्षी तपासत होतो. तोंडात मात्र सतरा वर्षांत कोणी डोकावलं नव्हतं.

पुढचे तीन आठवडे स्वयंपाकघरात गेले. संध्याकाळच्या चहातली साखर आणि त्याबरोबरचे दोन टोस्ट बंद झाले. पितरांची खीर तिने केली, नैवेद्य दाखवला आणि स्वतः चमचाभरच घेतली. मधुमेहाच्या डॉक्टरांनी एक गोळी बदलली. हृदयासाठीची ॲस्पिरिन रक्त पातळ करते म्हणून आठ दिवस आधी बंद करा, असा शेजारच्या काकूंचा सल्ला होता. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, मनाने एकही गोळी थांबवायची नाही. थोडं रक्त जास्त आलं तर ते थांबवता येतं. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून काही औषध किंवा इंजेक्शन चालू आहे का, हेही दातांच्या डॉक्टरांनी मुद्दाम विचारलं. अशी काही औषधं घेणाऱ्यांच्या जबड्याचं हाड दात काढल्यावर कधीकधी नीट भरत नाही. आईला तसलं काही चालू नव्हतं.

चालू होती ती मिश्री. "मिश्री लावता का?" या प्रश्नाला तिने "छे!" म्हटलं आणि डॉक्टरांनी तिच्या हिरड्यांकडे पाहून नुसती मान हलवली. तंबाखू भाजून केलेली ही पूड काढलेल्या दाताच्या खड्ड्यालाही घातक. तिची पितळी डबी तांदळाच्या पिंपात सापडली. आईने ती माझ्या हातात ठेवली आणि दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

तारीख नेमकी नवरात्रात आली. आईचे नऊ दिवसांचे उपास. साबुदाणा, शेंगदाणे आणि उपाशीपोटी मधुमेहाची गोळी, यातलं काहीच जमणारं नव्हतं. शेवटी तिनेच देवीशी तडजोड करून उठता-बसता उपास धरला आणि चौथ्या माळेला आम्ही निघालो.

जागा तेवढी बधीर करून दात काढायचा असेल तर मधुमेही माणसाने उपाशी जायचं नसतं, हे आम्हाला तोवर ठाऊक नव्हतं. ऑपरेशन म्हणजे रिकामं पोट, असंच डोक्यात बसलेलं. वेळ मुद्दाम सकाळी दहाची होती. साडेआठला आईने मुगाची दोन धिरडी दह्याबरोबर खाल्ली आणि नेहमीची गोळी घेतली. खुर्चीत बसल्यावर साखर १६४ भरली. वरची दाढ काढली की डोळा अधू होतो, अशी भीती तिने तेवढ्यात बोलून दाखवली. डॉक्टर म्हणाले, "आजी, तुमच्या डोळ्यांना दाढेपासून नाही, साखरेपासून धोका आहे." दोन दाढा आणि एक दात निघायला वीस मिनिटं लागली.

सूचना मिळाल्या. गॉजचा बोळा पाऊण तास दाबून धरायचा. चोवीस तास थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉने काही ओढायचं नाही. खड्ड्यात रक्ताची जी गुठळी धरते, तीच जखमेचं झाकण. ते उडालं तर हाड उघडं पडतं आणि दोन-तीन दिवसांनी असा ठणका लागतो की दात बरा होता म्हणायची वेळ येते. दुसऱ्या दिवसापासून कोमट पाण्यात मीठ घालून हलक्या गुळण्या. आणि शेवटी मदतनीस मुलगी सवयीने म्हणाली, "आइस्क्रीम खा हं आजी." बोळा तोंडात असल्याने आई बोलू शकत नव्हती, पण तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू सतरा वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी तिची बाजू घेतली होती.

इथून पुढची चूक माझी. दुपारी एकपर्यंत तिचा ओठ बधीर होता. त्या अवस्थेत गाल चावला जातो, भाजलेलं कळत नाही, म्हणून मी थांबलो. दोनला तिने अर्धी वाटी ताक घेतलं आणि "पुरे" अशी खूण करून पडून राहिली. सकाळची गोळी मात्र आपलं काम करत होती. चारच्या सुमारास तिला दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले. साखर ६३. सत्तरच्या खाली गेली की साधारण पंधरा ग्रॅम साखर द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची, हा नियम मला पाठ होता. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून चमच्याने पाजली. पंधरा मिनिटांनी ९२. मग वाटीभर दहीभात. फोनवर मधुमेहाचे डॉक्टर रागावले नाहीत, पण जेवण अर्धवट झालं तर गोळीचं काय करायचं हे मी आधीच विचारायला हवं होतं, इतकं म्हणाले. ही गोष्ट प्रत्येक औषधागणिक बदलते. काही गोळ्या खाणं-पिणं बंद असताना घ्यायच्याच नसतात.

रात्री घाबरून मी दुसऱ्या टोकाला गेलो. तांदळाची पातळ पेज, मीठ-तूप घालून, दोन वाट्या. दोन तासांनी २६८. आजाऱ्याचं अन्न म्हणून आपण ज्याच्यावर वाढलो, ते म्हणजे पेज, गुरगुट्या भात, साबुदाण्याची लापशी. हे सगळं दातांना मऊ आणि साखरेला सोपं. धान्य जितकं जास्त शिजवावं आणि घोटावं तितकं ते भराभर पचून रक्तात उतरतं. नाचणीची आंबील पौष्टिक खरी, पण नुसतीच प्यायली तर तीही फार वेगळी वागत नाही.

दुसऱ्या दिवशी आईने सूत्रं हातात घेतली. बोलायला त्रास होत होता म्हणून ती कॅलेंडरच्या मागच्या पानांवर पेन्सिलीने लिहायची. "मूग दोन वाट्या, तांदूळ एक." तिची नेहमीची खिचडी बरोबर याच्या उलट असते. ही नवी खिचडी घोटून, तूप घालून, कोमट करून वाढली. बरोबर एक अंडं, मऊ उकडून कुस्करलेलं. "फोडणीत मोहरी नको," हे दोनदा अधोरेखित केलेलं. मोहरी, तीळ, खसखस खड्ड्यात जाऊन बसतात, हे कोणी न सांगता तिने ओळखलं होतं. पातळ पिठलं झालं, दुधी वाफवून वरणात घोटला, पनीर कुस्करून दह्यात कालवलं. मेतकूट-भात तिला हवाच होता. भात अर्धा केला आणि वर दही वाढवलं. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच लहान झाली. त्या दिवसाच्या चौकोनात १८७ आणि खाली "दूध १ लि.", तिसऱ्या दिवशी १७१.

उरलेले दोन दात कोजागरीनंतर काढले. तेव्हा गोळीचं आधी ठरलेलं होतं, खिचडी थर्मासमध्ये भरून सोबत नेली होती आणि साखर एकदाही सत्तरखाली गेली नाही. त्या दिवाळीत तिने चकल्या तळल्या आणि एकही खाल्ली नाही. पौषात कवळी बसली.

घरातल्या वयस्कर मधुमेही माणसाचे दात काढायचे असतील तर तारीख ठरवण्याआधी दोन्ही डॉक्टरांना एवढं जरूर विचारा: त्या दिवशी जेवण अर्धवट राहिलं तर कोणती गोळी घ्यायची, कोणती थांबवायची? आणि ते उत्तर लिहून घ्या.